जर्मन ग्रँड प्री, १९५७ : न्यूर्बुर्गरिंगवरील पाठलाग

जर्मन ग्रँड प्री ही मोटार शर्यत ४ ऑगस्ट १९५७ रोजी पश्चिम जर्मनीच्या आयफेल या डोंगराळ प्रदेशात, न्यूर्बुर्गरिंग नावाच्या मार्गावर झाली. त्या वर्षीच्या जागतिक अजिंक्यपद मालिकेतील ती एक शर्यत होती. २२ फेऱ्या, सुमारे ५०२ किलोमीटर अंतर आणि साडेतीन तासांचा अवधी. मासेराती संघाचा अर्जेंटिनी चालक हुआन मानुएल फांजिओ याने ती जिंकली. फेरारीचे माइक हॉथॉर्न आणि पीटर कॉलिन्स हे दोन इंग्रज तरुण अनुक्रमे दुसरे व तिसरे आले. पहिल्या दोघांत अंतर उरले ३.६ सेकंदांचे. या विजयाने फांजिओचे पाचवे जगज्जेतेपद निश्चित झाले. त्या वेळी त्याचे वय ४६ होते. जागतिक मालिकेतील हा त्याचा चोविसावा विजय आणि शेवटचाही.

मोटार शर्यतींच्या इतिहासात या शर्यतीचे नाव आदराने घेतले जाते ते तिच्या उत्तरार्धामुळे. हाती असलेली आघाडी एका नटापायी गमावून पाऊण मिनिटाहून अधिक मागे पडलेल्या फांजिओने उरलेल्या दहा फेऱ्यांत ती सारी तूट भरून काढली. या पराक्रमाचे वर्णन पुष्कळदा चमत्कार म्हणून केले जाते. त्यात अतिशयोक्ती फारशी नाही. परंतु चमत्कार म्हटले की कारणे शोधण्याचे राहून जाते. या शर्यतीला कारणे होती. त्यांतली निम्मी टायर आणि इंधन यांच्या हिशेबात होती, तर उरलेली न्यूर्बुर्गरिंगच्या लांबीत.

मार्ग

न्यूर्बुर्ग हा आयफेलमधल्या एका टेकडीवरचा जुना, पडका किल्ला. त्याला वळसा घालणारा हा रस्ता १९२५ ते १९२७ या काळात केवळ शर्यतींसाठी व मोटारींच्या चाचणीसाठी बांधण्यात आला. १९५७ साली वापरात असलेल्या त्याच्या एका फेरीची लांबी २२.८ किलोमीटर होती. इतर ग्रँड प्री मार्गांशी तुलना केली तर हे अंतर अवाढव्य वाटते. मोनॅकोच्या शहरी मार्गाची फेरी तीन-सव्वातीन किलोमीटरचीच होती. न्यूर्बुर्गरिंगवर १७० हून अधिक वळणे, सुमारे ३०० मीटरचा चढउतार, दोन्ही बाजूंना कुंपणाच्या झुडपांच्या रांगा, त्यांच्या पलीकडे खोल उतरणीचे जंगल. रस्ता अरुंद. काही ठिकाणी उंचवट्यावरून गाडीची चारही चाके जमीन सोडत. एका टोकाला पाऊस आणि दुसऱ्या टोकाला कोरडे ऊन, असेही येथे नेहमी घडे. घाटरस्ता म्हणजे काय हे ज्यांना ठाऊक आहे, त्यांनी त्या घाटावर ताशी दीडशे किलोमीटर सरासरी राखण्याची कल्पना करावी.

लांबीचा आणखी एक परिणाम होता आणि तो या कथेच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा. एक फेरी पूर्ण करण्यास नऊ मिनिटांहून अधिक वेळ लागे. तेव्हा गाडीत रेडिओ नव्हता. चालकाला संदेश द्यायचा तर गाडी पिटसमोरून, म्हणजे मार्गालगतच्या दुरुस्तीच्या जागेसमोरून, जात असताना पाटीवर खडूने आकडे लिहून दाखवावे लागत. पुढे असलेल्या गाडीच्या मागून येणाऱ्याने किती अंतर कापले हे मागची गाडी पिटसमोर आल्याखेरीज कळत नसे. आणि ती येईपर्यंत पुढची गाडी नजरेआड झालेली असे. म्हणजे पुढच्या चालकाला मिळणारी बातमी बहुधा एक फेरी शिळी असे.

त्या वर्षीचे चित्र

युद्धोत्तर जर्मनीत मोटार शर्यतींचे पुनरागमन सावकाश झाले. जर्मन ग्रँड प्रीचा जागतिक मालिकेत समावेश १९५१ मध्ये झाला. १९५४ मध्ये मर्सिडीझचा कारखाना रुपेरी रंगाच्या गाड्या घेऊन मैदानात उतरला आणि फांजिओने त्यांच्यासाठी त्या वर्षीची न्यूर्बुर्गरिंगची शर्यत जिंकली. जून १९५५ मध्ये फ्रान्समधील ल मां येथे शर्यतीची गाडी प्रेक्षकांत घुसून ऐंशीहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. त्यानंतर त्या वर्षीची जर्मन ग्रँड प्री रद्द झाली आणि वर्षअखेरीस मर्सिडीझने शर्यतींचा निरोप घेतला. त्यामुळे १९५७ च्या मुख्य गटात एकही जर्मन गाडी नव्हती. शर्यतीसोबतच धावलेल्या दीड लिटरच्या दुय्यम गटात मात्र पोर्श होत्या आणि तो गट एडगर बार्टने पोर्शमधूनच जिंकला.

मुख्य लढत इटलीतल्या दोन कारखान्यांची होती. मासेरातीकडे २५० एफ ही पुढे इंजिन असलेली, सहा सिलिंडरची, अडीच लिटरची देखणी गाडी होती. फेरारीची ८०१ ही आठ सिलिंडरची गाडी लान्चिया कारखान्याच्या जुन्या आराखड्यावरून विकसित झालेली होती. तिसरा प्रतिस्पर्धी ब्रिटिश व्हॅनवॉल. अवघ्या दोन आठवड्यांपूर्वी इंग्लंडमधील एन्ट्री येथे स्टर्लिंग मॉस आणि टोनी ब्रूक्स यांनी एकच व्हॅनवॉल वाटून चालवली होती व ब्रिटिश गाडीला जागतिक ग्रँड प्रीतले पहिले यश मिळवून दिले होते. परंतु सपाट मार्गांवर वेगवान असलेली ही गाडी न्यूर्बुर्गरिंगच्या धक्क्यांना पुरी पडली नाही. मॉस पाचवा आणि ब्रूक्स नववा आला. लढतीत ते कधीच नव्हते.

फांजिओने त्या वर्षी अर्जेंटिना, मोनॅको आणि फ्रान्स या शर्यती जिंकल्या होत्या. जर्मनीत विजय मिळाला तर उरलेल्या दोन शर्यतींचा निकाल काहीही लागो, अजिंक्यपद त्याचेच ठरणार होते. फेरारीच्या गोटातले दोघे इंग्रज त्याला परके नव्हते. आदल्या वर्षी, १९५६ मध्ये, फांजिओ स्वतः फेरारीत होता आणि कॉलिन्स त्याचा सहकारी. मोंझा येथील अखेरच्या शर्यतीत फांजिओची गाडी बिघडली, तेव्हा स्वतः अजिंक्यपदाच्या शर्यतीत असलेल्या कॉलिन्सने पिटमध्ये उतरून आपली गाडी त्याला देऊन टाकली. फांजिओचे चौथे जगज्जेतेपद त्या औदार्यावर उभे होते. आता तोच कॉलिन्स प्रतिस्पर्धी होता.

दोन हिशेब

शर्यतीपूर्वी दोन्ही संघांनी वेगवेगळे गणित मांडले. फेरारीच्या गाड्यांना बेल्जियन एंगलबर्ट टायर होते. ते कठीण असल्याने पाचशे किलोमीटर टिकणार होते. त्यामुळे टाकी काठोकाठ भरून, मध्ये कोठेही न थांबता शर्यत संपवायची असे फेरारीने ठरवले. मासेरातीचे पिरेली टायर मऊ होते. मऊ टायर रस्त्याला अधिक चिकटतो, वळणावर वेग राखू देतो, पण लवकर झिजतो. मागचे टायर शेवटपर्यंत टिकणार नाहीत हे फांजिओला ठाऊक होते. थांबणे टळत नसेल तर त्याचा लाभ करून घ्यावा, असा विचार त्याने व मासेरातीचा प्रमुख मेकॅनिक ग्वेरिनो बेर्तोक्की याने केला. टाकी अर्धीच भरायची. हलक्या गाडीने सुरुवातीला एवढी आघाडी घ्यायची की थांब्याचा वेळ तीत भागून जाईल. टायर बदलणे व इंधन भरणे यांना साधारण अर्धा मिनिट लागेल असा अंदाज होता.

त्या काळच्या इंजिनांत मद्यार्कमिश्रित इंधन जाळले जाई आणि ते प्रचंड लागे, म्हणून भरलेल्या व अर्ध्या टाकीतल्या वजनाचा फरक किरकोळ नव्हता. डोंगरी मार्गावर, चढावर व ब्रेक लावताना तो फरक प्रत्येक वळणागणिक जाणवे. या हिशेबाची आधीच्या शर्यतींत फारशी उदाहरणे नव्हती. आजच्या भाषेत ज्याला शर्यतीचे डावपेच म्हणतात त्यांचे हे एक प्रारंभिक रूप मानता येईल.

सरावात फांजिओने ९ मिनिटे २५.६ सेकंदांची सर्वोत्तम वेळ नोंदवून पहिले स्थान मिळवले. हॉथॉर्न त्याच्यामागे २.८ सेकंदांनी होता. मासेरातीचा जाँ बेहरा आणि कॉलिन्स हेही पहिल्या रांगेत होते. मार्गावरचा शर्यतीतील विक्रम फांजिओनेच १९५६ मध्ये केला होता : ९ मिनिटे ४१.६ सेकंद. हे दोन आकडे लक्षात ठेवावेत.

निम्मी शर्यत

प्रारंभी हॉथॉर्न व कॉलिन्स पुढे निघाले. फांजिओने घाई केली नाही; तिसऱ्या फेरीत दोघांनाही ओलांडले आणि मग आपल्या योजनेप्रमाणे अंतर वाढवत नेले. गाडी हलकी होती, टायर रस्त्याला चिकटून होते. त्याने स्वतःचाच जुना विक्रम पुनःपुन्हा मोडला. शर्यत निम्म्याहून थोडी पुढे सरकली आणि तो पिटमध्ये वळला तेव्हा आघाडी सुमारे अर्ध्या मिनिटाची होती. हिशेब जेमतेम जुळत होता.

येथे हिशेब फिसकटला. त्या गाड्यांचे प्रत्येक चाक मध्यावरच्या एकाच मोठ्या नटाने बसवलेले असे आणि तो हातोड्याने ठोकून सैल करावा लागे. मागचे डावे चाक काढताना तो नट घरंगळून गाडीखाली गेला. कोणाच्या ते लक्षात आले नाही. नवे चाक हाती तयार, पण ते बसवायला नट नाही, अशी तारांबळ उडाली. नट सापडून चाक बसेपर्यंत पन्नास सेकंदांहून अधिक गेले. या गोंधळात हॉथॉर्न आणि कॉलिन्स दोघेही पिटसमोरून निघून गेले. फांजिओ पुन्हा मार्गावर आला तेव्हा तो तिसरा होता आणि पुढच्या फेरारीशी अंतर पाऊण मिनिटाहून अधिक होते.

दहा फेऱ्या उरल्या होत्या. म्हणजे प्रत्येक फेरीत सरासरी पाच सेकंद भरून काढायचे. तेही पूर्ण भरलेल्या टाकीनिशी.

पाठलाग

थांब्यानंतरच्या पहिल्या दोनएक फेऱ्यांत अंतर कमी झाले नाही. पुढे काही लेखकांनी ही फांजिओची चाल असल्याचे लिहिले : तो मुद्दाम सावकाश गेला, जेणेकरून फेरारीच्या पिटमध्ये निर्धास्तपणा यावा. कथा रंगतदार आहे, पण तिची गरज भासत नाही. टाकी नुकतीच भरल्याने गाडी जड झाली होती आणि मागची नवी टायर घासली जाऊन पकड येईपर्यंत जोर लावणे धोक्याचे होते. हेतू काहीही असो, परिणाम तोच झाला. फेरारीच्या पिटमधील स्टॉपवॉचांनी नोंदवले की फांजिओ मागेच आहे. हॉथॉर्न व कॉलिन्स यांना आहे तोच वेग राखण्याची खूण करण्यात आली. दोघे मित्र एकमेकांशी स्थाने बदलत, जवळजवळ मौजेने, पुढे धावत राहिले. फेरारीचे तिकीट काढून झाले होते, आता गाडी स्थानकात पोहोचण्याचा अवकाश.

मग फांजिओच्या वेळा बदलू लागल्या. इंधन जळून गाडी हलकी होत गेली आणि टायर तापून मऊ झाले. एकामागून एक फेरीला विक्रम मोडू लागला. अठराव्या फेरीत त्याने सरावातील आपल्या सर्वोत्तम वेळेलाही मागे टाकले. एकोणिसावी त्याहून दोन सेकंदांनी कमी. विसावी फेरी ९ मिनिटे १७.४ सेकंदांत : ताशी १४७ किलोमीटरची सरासरी. सरावातील वेळेपेक्षा ८.२ सेकंदांनी आणि आदल्या वर्षीच्या विक्रमापेक्षा २४.२ सेकंदांनी कमी. पहिल्या क्रमांकासाठी केलेल्या सरावाच्या फेरीत गाडी हलकी असते, चालक ताजा असतो, त्याला एकच फेरी जिवाच्या कराराने चालवायची असते. शर्यतीच्या चौथ्या तासात, इतर गाड्यांच्या गर्दीतून वाट काढत ती वेळ आठ सेकंदांनी मागे टाकणे याला दुसरे उदाहरण सहज आठवत नाही.

फेरारीच्या पिटमध्ये एव्हाना धावपळ सुरू झाली होती. जोर लावा, अशा खुणा होऊ लागल्या. परंतु येथे मार्गाची लांबी आड आली. पाटीवरचा आकडा चालकाने वाचला तेव्हा तो जुना झालेला होता, आणि त्यावर त्याने काही करावे तर पुढचा निरोप मिळायला नऊ मिनिटे. तीन-चार किलोमीटरच्या मार्गावर हॉथॉर्नला हा धोका सहा वेळा कळला असता. येथे फांजिओ एका फेरीत अकरा सेकंदांनी जवळ आला आणि ते अकरा सेकंद डोंगरापलीकडे, कोणाच्याही घड्याळाबाहेर खर्ची पडले. शिवाय फेरारीच्या कठीण टायरांना वेग वाढवण्यास फारशी मुभाही नव्हती. दोघे इंग्रज तोवर काही रमतगमत चालले नव्हते.

एकविसाव्या, म्हणजे उपान्त्य फेरीच्या सुरुवातीस फांजिओने कॉलिन्सला गाठले. एकदा ओलांडले, कॉलिन्स पुन्हा पुढे घुसला, फांजिओने पुन्हा ओलांडले. फांजिओच्या चाकाखालून उडालेल्या दगडाने कॉलिन्सच्या गॉगलची काच फुटली आणि तो मागे पडला. शर्यतीअखेर तो विजेत्याच्या ३५ सेकंद मागे होता. मग हॉथॉर्न. एका डाव्या वळणावर फांजिओ आतल्या बाजूने शिरला, त्याची डावी चाके गवतावर आणि उजवी रस्त्यावर होती. हॉथॉर्नला बाजू द्यावी लागली. त्याने अखेरच्या फेरीत हार मानली नाही, पण अंतर मिटले नाही. ३ तास ३० मिनिटे ३८.३ सेकंदांत फांजिओने शर्यत संपवली.

त्या दिवसाच्या छायाचित्रांत एक गोष्ट लक्ष वेधते. हरलेले दोघे इंग्रज विजेत्याइतकेच आनंदी दिसतात.

हे कसे साधले

फांजिओने पुढे स्वतःच त्याचे तांत्रिक उत्तर दिले. ज्या वेगवान वळणांवर एरवी तो एक गिअर खाली घेत असे, तेथे त्याने वरचाच गिअर कायम ठेवला. खालच्या गिअरमध्ये इंजिन गाडीला आवरून धरते आणि चालकाच्या हाती एक प्रकारचा राखीव ताबा राहतो. वरच्या गिअरमध्ये गाडी वळणात अधिक वेगाने शिरते, अधिक वेगाने बाहेर पडते व पुढच्या सरळ भागावर तो वेग तिच्या कामी येतो. मात्र अंदाज चुकला तर आवरायला काही हाती उरत नाही. प्रत्येक वळणावर अर्धा-पाव सेकंद याप्रमाणे शंभरावर वळणांत किती होतात, हे उघड आहे. त्यातच त्याच्या आसनाचा आधार तुटला होता आणि शेवटच्या टप्प्यात वळणांवर त्याला गुडघ्यांनी स्वतःला गाडीच्या अंगाशी रेटून धरावे लागत होते. तेव्हा सुरक्षा-पट्टे नसत.

दुसरे उत्तर त्याच्या घडणीत शोधावे लागते. इटालियन स्थलांतरित आईबापांचा हा मुलगा २४ जून १९११ रोजी अर्जेंटिनातल्या बालकार्से या गावी जन्मला आणि मोटार दुरुस्तीच्या कामात वाढला. त्याचे शर्यतींचे शिक्षण बंदिस्त मार्गांवर झालेच नाही. दक्षिण अमेरिकेतल्या कच्च्या, डोंगरी, अनोळखी रस्त्यांवरच्या हजारो किलोमीटरच्या शर्यती ही त्याची शाळा. १९४० मध्ये ब्वेनोस आयरेसहून लिमाला जाऊन परत येण्याची, नऊ हजारांहून अधिक किलोमीटरची शर्यत त्याने शेव्हरोलेतून जिंकली. युरोपात तो आला तेव्हा पस्तिशी उलटून गेलेली होती. न्यूर्बुर्गरिंग हा युरोपातील ग्रँड प्री मार्गांपैकी त्या रस्त्यांच्या सर्वांत जवळचा; पाठ करून चालवण्यापेक्षा वाचत चालवण्याचा रस्ता.

त्या शाळेची फी जबर होती, हेही येथे नोंदवले पाहिजे. १९४८ मध्ये ब्वेनोस आयरेस ते काराकास या शर्यतीत पेरूमध्ये फांजिओची गाडी दरीत कोसळली आणि त्याचा सहचालक दानियेल उरुतिया मरण पावला. ती शर्यत दोमिंगो मारिमोनने जिंकली. त्याचा मुलगा ओनोफ्रे मारिमोन पुढे फांजिओच्या मार्गदर्शनाखाली युरोपात आला आणि ३१ जुलै १९५४ रोजी न्यूर्बुर्गरिंगवरच सरावात त्याचा अंत झाला. गाडी तीच, मासेराती २५० एफ. दुसऱ्या दिवशीची शर्यत फांजिओने चालवली आणि जिंकली. १९५२ मध्ये पॅरिसहून रात्रभर गाडी हाकून मोंझाला पोहोचलेल्या थकलेल्या फांजिओचा स्वतःचाही मानेचा मणका मोडला होता. तेव्हापासून थकवा आणि घाई यांविषयी तो अत्यंत सावध झाला. जिंकण्यासाठी लागतो तेवढाच वेग, त्यापलीकडे काही नाही, अशी त्याच्या शैलीची ख्याती होती.

म्हणूनच ४ ऑगस्टचा दिवस त्याच्या कारकिर्दीत वेगळा पडतो. त्या दिवशी त्याने आपलाच नियम मोडला. नंतर तो सांगत असे की आयुष्यात तसे कधी चालवले नव्हते आणि पुन्हा कधी चालवणार नाही. त्यानंतरच्या रात्री झोप लागली नाही, डोळे मिटले की ती वळणे समोर येत. विजयाचे वर्णन करणाऱ्या माणसाच्या या बोलण्यात उल्हासापेक्षा धास्ती अधिक आहे, आणि या शर्यतीविषयीच्या साऱ्या स्तुतिलेखनापेक्षा ते अधिक विश्वसनीय वाटते.

त्यानंतर

आकड्यांचा विक्रम वर्षभरही टिकला नाही. १९५८ च्या जर्मन ग्रँड प्रीत मॉसने व्हॅनवॉलमधून ९ मिनिटे ९.२ सेकंदांची फेरी नोंदवली. नियमही बदलले. १९५८ पासून मद्यार्कमिश्रित इंधनाऐवजी विमानाचे पेट्रोल सक्तीचे झाले आणि शर्यतींचे किमान अंतर ५०० वरून ३०० किलोमीटरवर आले. न्यूर्बुर्गरिंगच्या २२ फेऱ्यांच्या १५ झाल्या. इंधन कमी लागू लागले, अंतर घटले, आणि अर्ध्या टाकीने निघून मध्ये थांबण्याच्या हिशेबाला दीर्घकाळ अर्थ उरला नाही. मासेराती कारखाना आर्थिक ओढाताणीमुळे १९५७ अखेर ग्रँड प्रीतून बाहेर पडला. फांजिओच्या पाच जगज्जेतेपदांचा विक्रम मात्र मिखाएल शूमाखरने २००३ मध्ये सहावे पद मिळवीपर्यंत अबाधित राहिला.

शर्यतीच्या निकालपत्रात पहिली सहा नावे अशी आहेत : फांजिओ, हॉथॉर्न, कॉलिन्स, लुइजी मुस्सो, मॉस, बेहरा. मुस्सो ६ जुलै १९५८ रोजी फ्रान्समध्ये रँस येथील शर्यतीत गेला. त्यानंतर महिना उलटण्याआधीच, ३ ऑगस्टला, कॉलिन्स न्यूर्बुर्गरिंगवर फ्लान्झगार्टन नावाच्या भागात गाडीबाहेर फेकला जाऊन मरण पावला. मागून येणाऱ्या हॉथॉर्नने तो अपघात डोळ्यांनी पाहिला. हॉथॉर्न त्या वर्षी जगज्जेता झाला, असा मान मिळवणारा पहिला ब्रिटिश. त्याने लगेच निवृत्ती जाहीर केली आणि जानेवारी १९५९ मध्ये इंग्लंडमधील गिल्डफर्डजवळ साध्या रस्त्यावर मोटार अपघातात त्याचा अंत झाला. बेहरा १ ऑगस्ट १९५९ रोजी बर्लिनमध्ये गेला. न्यूर्बुर्गरिंगच्या त्या दुपारला दोन वर्षे पूर्ण होण्यास तीन दिवस बाकी होते आणि सहांपैकी चौघे हयात नव्हते.

फांजिओची अखेरची ग्रँड प्री म्हणजे मुस्सोचा बळी घेणारी रँसचीच शर्यत. मासेराती आता जुनी झाली होती आणि तो चौथा आला. शर्यतीच्या शेवटी आघाडीवरचा हॉथॉर्न त्याच्या मागे येऊन पोहोचला होता; त्याला ओलांडले असते तर फांजिओ एक पूर्ण फेरी मागे पडल्याची नोंद झाली असती. हॉथॉर्नने ब्रेक लावला आणि म्हाताऱ्याला पुढे राहूनच समाप्तीची रेषा पार करू दिली.